बब्रुवानअण्णांचे थांबायचे दिवस

आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर तांबड्या फडक्यात बांधलेली एक पोथी आहे. नवीन माणूस घरात आलं की आधी तिला हात जोडतं, मग खाली बसतं. मी लगेच काही बोलत नाही. पाणी देते, चहा टाकते. चहा अर्धा पिऊन झाला की सांगते, बाबा, तुम्ही आत्ता ज्याला नमस्कार केला ते बुरशीनाशकाच्या पुड्यांमधले कागद आहेत. घडी घातलेले, मुंगीएवढ्या अक्षरांचे, पुडी फोडली की आपण वाऱ्यावर सोडून देतो ते. माणूस कपाकडं बघतं, माझ्याकडं बघतं, आणि बहुतेक जण पुन्हा एकदा नमस्कार करतात. चुकलं असेल तर माफ कर म्हणून.

ही पोथी बब्रुवानअण्णांची. ते गेल्यावर त्यांच्या लेकीनं, सवितानं, ती मला आणून दिली. म्हणाली, "मावशी, ही तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं कुणी वाचणार न्हाय आन् टाकवत बी न्हाय."

अण्णांचं रान आणि आमचं रान एका बांधाला. तेरहून धाराशिवला जाणारी गाडी आमच्या फाट्यावर थांबते, तिथून चालत अर्धा तास. मी या गावात सून म्हणून आले तेव्हापासून त्या बांधावर अण्णा उभे आहेत असं मला वाटतं. उंच, काटकुळे, आवाज मात्र दोन माणसांचा. मला आक्का म्हणायचे. वयानं बरोबरीचेच होतो, पण त्यांनी एकदा आक्का म्हटलं आणि मग मी मोठी झाले.

आता अण्णांच्या तोंडी कायम असायचं ते आतनं आणि वरनं समजावून सांगते, नाहीतर अण्णा समजायचे नाहीत. पिकावर बुरशी पडते, रोग येतो, त्याची औषधं दोन जातीची. एक नुसतं पानावर बसतं. पाऊस आला की धुऊन गेलं. दुसरं झाडाच्या आत शिरतं. मुळाशी ओतलं तरी रसातनं चढत चढत शेंड्यापर्यंत जातं. पहिल्याला कागदावर स्पर्शजन्य म्हणतात, दुसऱ्याला आंतरप्रवाही. मी शाळेचं तोंड बघितलेलं नाही, अक्षरं घरीच जुळवायला शिकले. पण जोडाक्षराची भीती मोडली ती या आंतरप्रवाहीनं. अण्णांनी बांधावर बसवून माझ्याकडनं तो शब्द दहा वेळा वाचून घेतला होता.

त्या शब्दानं अण्णांना धरलं ते धरलं. सगळी दुनिया त्यांनी या दोन ढिगांत वाटून टाकली. सासू स्पर्शजन्य, बायको आंतरप्रवाही. आमच्या गावचे पुढारी सगळे स्पर्शजन्य. एकदा ग्रामसभेत मोठे साहेब आले होते, योजना सांगत होते. अण्णा मागनं उठले.

"साहेब, एक इचारू का? तुमचं औषध वरनं फवारायचं हाय का मुळाला घालायचं?"

साहेब म्हणाले, "कुठलं औषध?"

"हेच, योजनेचं. आतनं जाणारं असलं तरी ते खालनं वर चढतंय. वरनं खाली येत न्हाय, असं कागदावर लिव्हलंय. तुमी तर शेंड्यावर मारायलात. मुळाला कवा पोचायचं?"

साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. पुढं काही झालं नाही, पण अण्णा लई खूश. "लिव्हून घेतलं, आक्का," म्हणाले, "म्हंजे आत गेलं."

एकदा त्यांच्या पाठीवर गजकर्ण उठलं. खाजवून खाजवून बेजार. सरूबाईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ओढत डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं मलम लिहून दिलं. अण्णा चिठ्ठी हातात घेऊन हलेनात.

"डॉक्टर, हे स्पर्शजन्य झालं."

"काय?"

"वरचं झालं. आतनं जाणारं न्हाय का काय?"

डॉक्टर म्हणाले, गोळीपण आहे, पोटातून घ्यायची, बुरशीचीच आहे. अण्णा खुर्चीवरनं उठून उभे राहिले. सरूबाई सांगायची, आमच्या लग्नात हार घालताना सुद्धा यांचं तोंड एवढं फुललं नव्हतं. घरी येऊन बांधावरनं मला हाक मारली, "आक्का! माणसाला बी बुरशी मारायची पुडी असती! आतनं जाती! शेंड्यापातूर!" आणि डोक्यावरची टोपी काढून टक्कल दाखवलं, इथपर्यंत म्हणून.

कागदावर लिहिलेलं सगळं ते करायचे. हातमोजे घाला लिहिलंय, तर हातमोजे. डोळ्यावर चष्मा, तोंडाला फडकं, पायात गुडघ्याएवढे बूट. उन्हाच्या तिरपेत अंगात पावसाळी कोट, डोक्यात सविताच्या स्कुटीचं गुलाबी हेल्मेट. पाठीवर पंप. असे ते रानातनं गावात शिरले की कुत्री आधी भुंकायची आणि मग ओळख पटून लाजल्यासारखी गप्प व्हायची. लोक हसायचे. मग कोरोना आला. साऱ्या गावाच्या तोंडाला फडकी आली, हातमोजे आले. अण्णा पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघायचे आणि काही म्हणजे काही बोलायचे नाहीत. ते जास्त लागायचं.

पोथीचं असं झालं. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते. वाचणारे गुरुजी पडले आजारी. बायका जमलेल्या, दिवा लावलेला, वाचायला कुणी नाही. अण्णा उठले, खिशातनं कागद काढला, भिंग लावलं आणि सुरात सुरू केलं. "वापरण्यापूर्वीऽ माहितीपत्रकऽ काळजीपूर्वक वाचावेऽ. अन्नधान्य, रिकामी भांडी आणि जनावरांचा चाराऽ यापासून दूर ठेवावेऽ. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनेऽ फवारू नयेऽ." म्हाताऱ्या बायका डोळे मिटून डोलत होत्या. "रिकामा डबाऽ पुन्हा वापरू नयेऽ" इथं एकीनं डोळे पुसले. संपल्यावर आरती झाली, अण्णांना नारळ मिळाला. तेव्हापासून ते कागद तांबड्या फडक्यात.

आणि त्या कागदातली एक ओळ त्यांची सगळ्यात लाडकी. औषध दिल्यावर पीक खायला इतके दिवस थांबा, ही. अण्णा त्याला थांबायचे दिवस म्हणायचे. औषध मारलं की चुन्यानं बांधावरच्या दगडावर रेघा ओढायचे आणि रोज एक पुसायचे. सगळ्या रेघा पुसल्याशिवाय त्यांच्या रानातलं पान कुणी तोंडात टाकायचं नाही. चिमण्यांना सुद्धा हातवारे करून सांगायचे. बाकी आम्ही सगळे ऐकायचो, व्हय व्हय म्हणायचो, आणि पुढं जायचो.

आता येळवशीचं सांगते. ते सांगायलाच बसले आहे.

सविता तिशीला आली होती. धाराशिवला शाळेत शिकवायची, रोज गाडीनं जायची-यायची. तिची तीन स्थळं मोडली, तीनही अण्णांच्या तोंडामुळं. तिसऱ्या पोराला बघून तर त्यांनी बैठकीतच सांगितलं, "पोरगं देखणं हाय, पण वरवरचं हाय. पहिल्या पावसात धुऊन जाईल." त्यानंतर दोन वर्षं कुणी फिरकलं नाही. मग सविताच एक दिवस माझ्याजवळ येऊन बसली. पदराचं टोक पिळत. म्हणाली, "मावशी, आमच्या गाडीला कंडक्टर हायेत. दत्ता नाव हाय." आणि परत पदर पिळायला लागली. मी म्हटलं, तिकीट फाडलं का काय? तर लाजून उठून गेली.

मी मध्ये पडले. दत्ताच्या घरी निरोप धाडला. त्याचे वडील पेन्शनीतले हेडमास्तर, लई मानी माणूस. ते म्हणाले, येळवशीला येतो रानात, बघू. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमच्याकडं सगळं गाव रानात असतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत पाच दगड मांडून लक्ष्मीची पूजा, आंबील, ओल्या हरभऱ्याची मिसळभाजी म्हणजे भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हात धरून जेवायला बसवायचं. आणि त्या दिवशी कुणीही कुणाच्याही रानातला हरभऱ्याचा ढाळा, म्हणजे घाट्यांसकट अख्खं झाड, उपटून खावा, कुणी बोलायचं नाही. उलट जो बोलला त्याचं रान दरिद्री, असं म्हणतात.

सरूबाईनं अण्णांना आठ दिवस शिकवलं. "काय बी बोलायचं न्हाय. नमस्कार करायचा आन् बसायचं. आतनं-वरनं म्हणालात तर म्या हिरीत उडी घेईन." अण्णांनी मान डोलावली. पण नेमकं त्याच दिवसांत हरभऱ्याला मर लागली. उभी झाडं पिवळी पडून वाळायला लागली. अण्णांनी लगोलग औषध कालवलं आणि ओळीओळीनं मुळाशी ओतलं. दगडावर रेघा ओढल्या. येळवशीला दहा रेघा शिल्लक राहत होत्या.

सरूबाई माझ्याकडं रडत आली. "आक्का, आमच्या रानातला एक घाटा तोडू देईनात. हरभऱ्याशिवाय भज्जी कशी करू? पावणं काय म्हणतील?"

मी म्हटलं, "रडतीस कशाला? आमच्या रानातला ने."

आणि नेला की. मी स्वतः पाटीभर ढाळे उपटून दिले. आता आमच्या लेकानं पण तेच औषध ओतलं होतं, अण्णांच्या नंतर तीन दिवसांनी. पंप अण्णांचाच मागून आणलेला. मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी मनात म्हटलं, मुळाला ओतलंय, घाट्याला काय होतंय? आणि मी साधी बाई नाही बरं का, तीन पाण्यानं खळखळून धुऊन दिला.

येळवशीला पाहुणे आले. हेडमास्तर पुढं, धोतर, काळी टोपी. मागं त्यांच्या मंडळी, म्हणजे दत्ताची आई, गोऱ्यापान, हसऱ्या. शेवटी दत्ता, हातात नारळाची पिशवी. सविता कोपीच्या आड. अण्णा ठरल्याप्रमाणं हात जोडून गप्प उभे. मी देवाला म्हटलं, एवढा दिवस काढ.

हेडमास्तर बांधावरनं येता येता वाकले, एक ढाळा उपटला, घाटा सोलला आणि तोंडात टाकला.

अण्णा पळाले ते मला दिसलंच नाही. दिसलं ते एवढंच, की हेडमास्तरांची टोपी खाली पडली आहे, अण्णांच्या एका हातात ढाळा आहे, आणि दुसऱ्या हाताचं बोट हेडमास्तरांच्या तोंडात आहे.

"थुका! पावणं, थुका!"

"अहो, हे काय!"

"थुका आधी, मग बोला!"

हेडमास्तर थुंकले. मग त्यांचा आवाज परत आला. "येळवशीच्या दिवशी पाहुण्याच्या तोंडातला घास काढता? एका घाट्याला महाग झालात?"

"न्हाय हो. औषध घातलंय."

"मग धुऊन खातो की!"

"धुऊन जायाला ते काय वरचं हाय?" अण्णांचा बांध फुटला. सरूबाईनं कपाळाला हात लावला आणि विहिरीकडं बघितलं. "मुळाला घातलं की ते रसात शिरतंय, देठात जातंय, पानात जातंय, घाट्यात जातंय. सात पाण्यानं धुवा, न्हायतर गंगेत बुडवा. आत गेलंय, ते बाहीर येत न्हाय. दिवस जाऊ द्यायचं, तेवढंच हातात हाय." मग त्यांनी हेडमास्तरांना पाच चुळा भरायला लावल्या, प्रत्येक मोजून, आणि मधेमधे विचारत राहिले, "मळमळतंय का? चक्कर?" हेडमास्तर म्हणाले, "येतीय, तुमच्यामुळं."

दत्ता खाली बघून हसत होता. त्याच्या आईनं टोपी झटकून नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली. सविता पाण्याचा तांब्या घेऊन आली, आणि तिला बघून मास्तर जरा निवले. पंगत बसली. पत्रावळी मांडल्या. भज्जी वाढली, वास सुटला. लक्ष्मीपुढं नैवेद्य गेला.

आणि मी तिथं पळी हातात धरून उभी. अण्णांचं ते बोलणं मी शंभर वेळा ऐकलेलं. मुळाला घातलं की घाट्यात जातं. पण आजवर ते नुसतं अंगावर पडून वाहून गेलं होतं. त्या दिवशी आत गेलं. पायांतनं चढलं बघा, पोटात आलं, गळ्यात आलं. बोलले तर सविताचं लग्न मोडतं. नाही बोलले तर? समोर हेडमास्तरांनी घास उचलला.

"थांबा!" मी ओरडले.

हेडमास्तरांचा हात तसाच राहिला. म्हणाले, "परत?"

मी सगळं सांगून टाकलं. पाटी, लेक, पंप, तीन पाणी. सांगताना सरूबाईकडं बघायचं धाडस झालं नाही. वाटलं, अण्णा आता माझ्यावर ओरडणार. ते ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "सांगितलंत ते लई बरं केलं, आक्का." आणि सरळ कोपीत गेले. लक्ष्मीपुढचा नैवेद्य उचलला. "आई, तुलाबी नगं. थांबायचं दिवस सरलं न्हाईत." मग प्रत्येकाच्या पत्रावळीवरची भज्जी स्वतःच्या हातानं गोळा केली, पातेलं उचललं, लांब खड्डा खणून सगळं पुरलं, वरनं माती दाबली, काटेरी फांदी ठेवली. कुत्रं उकरंल म्हणून.

परत आले तेव्हा मातीचे हात तसेच जोडून हेडमास्तरांपुढं उभे राहिले. "पावणं, माझी लेक चांगली हाय. तिला तुमचा पोरगा पसंत हाय, हे बी मला म्हाईत हाय. पण ती द्यायची म्हणून तुमच्या पोटात औषध कसं घालू?" त्यांचा तो दोन माणसांचा आवाज अर्ध्या माणसाचा झाला होता. सविता कोपीच्या कुडाला धरून उभी. रडत नव्हती. तेच बघवत नव्हतं.

हेडमास्तर उठले. चपला शोधायला लागले.

"दादा, बसा," दत्ता वडिलांना म्हणाला. "गाडी फाट्यावर साडेचारला हाय. तवर कुठं जाताय?"

त्याची आई तर जागची हललीच नव्हती. तिनं पत्रावळ पुढं सरकवली. "खीर हाय ना? आंबील हाय? उंडे हायेत? मग वाढा की. मला भूक लागलीय." आणि दोन घास खाऊन झाल्यावर अण्णांना विचारलं, "किती दिवस ऱ्हायले हो?"

अण्णा ताठ झाले. असं त्यांना जन्मात कुणी आपणहून विचारलं नव्हतं. "आमच्या रानाचं दहा. आक्काच्या रानाचं तेरा."

"मग चौदाव्या दिवशी येतो आमी. भज्जी खायाला. काय ठरवायचं ते तवाच ठरवू."

हेडमास्तर काहीतरी बोलणार होते. ती म्हणाली, "तुमी आंबील प्या."

ते तेरा दिवस अण्णांनी कसे काढले ते मी बघितलंय. रोज सकाळी दोन दगडांवरची एकेक रेघ पुसायची, आपल्या दगडावरची आणि माझ्या रानासाठी मुद्दाम मांडलेल्या दगडावरची. एकदा तर दुपारी परत येऊन बघून गेले, रेघ पुसली का खरंच म्हणून. सविता शाळेला जायची त्या गाडीत दत्ता तिकीट द्यायचा आणि म्हणे हळूच विचारायचा, "आज किती?" ती म्हणायची, "आठ." पुढच्या दिवशी, "सात." गाडीतल्या लोकांना वाटायचं, थांबे मोजतायत.

चौदाव्या दिवशी पाहुणे आले. घाटे निबर झाले होते, भज्जी जरा कडकच झाली. पण हेडमास्तरांनी तीनदा मागून घेतली. पहिला घास तोंडाजवळ नेऊन त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग अण्णांकडं. आम्ही दोघांनी मान हलवली. तेव्हा खाल्ला. लग्न ठरलं. पत्रिकेच्या खालच्या ओळीत अण्णांनी छापून घेतलं, जेवणातल्या सर्व भाज्यांचे थांबायचे दिवस पूर्ण झाले आहेत.

त्यानंतर अण्णांनी माझ्यावर पाळत ठेवली. राग नाही, पण पाळत. दर येळवशीला मी त्यांच्यापुढं ढाळा धरायचा, आणि त्यांनी हात पुढं करण्याआधी विचारायचं, "आक्का, दिवस मोजलंत?" मी आकडा सांगायचा. मग एक घाटा खायचे. मीही शिकले. मोटारीच्या खोलीच्या दारावर खडूनं तारीख लिहायला लागले. लेकाला विचारून, सुनेला विचारून, दोनदा.

गेल्या येळवशीला अण्णा लई थकले होते. पायांत बळ नव्हतं, डोळ्याला अंधुक. दत्तानं त्यांना जीपमधनं रानात आणलं, कोपीच्या तोंडाशी गोधडीवर बसवलं. सरूबाई आत चूल फुंकत होती. मी बांध ओलांडून गेले, हातात ढाळा. दारावरची तारीख सकाळीच बघून आले होते. आकडा ओठावर होता. ढाळा पुढं धरला आणि विचारायची वाट बघत उभी राहिले.

अण्णांनी हात पुढं केला. ढाळा घेतला. चाचपून एक घाटा तोडला, सोलायला वेळ लागला, तोंडात टाकला. हळूहळू चावला. मी म्हटलं आता विचारतील. त्यांनी दुसरा घाटा तोडला. तो मात्र खाल्ला नाही. एका कुशीवर कलले, कोपीत हात घातला, चाचपडत पाच दगडांपैकी मधल्यापुढं तो ठेवला.

"घे, आई," म्हणाले. "आक्काच्या रानातला हाय."